सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं

९ जुलै, पलूस

आज आषाढ चतुर्दशी. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जाऊन चातुर्मासाचा नियम घेतला. सूर्यास्तानंतरचं जेवण, कांदा, लसूण हे आमच्या घरात एरवीही नसतंच. यंदा निराळा नियम घेतला. चार महिने माझ्या घरातल्या यंत्रानं एकही जीव मरू देणार नाही. कुणाला सांगितला नाही, चंदनबालालाही नाही. माझी बायको असली तरी हसली असती. चाळीस वर्षं व्यासपीठावरून बोलतो आहे, एक गोष्ट तरी न बोलता करावी म्हटलं.

निमित्त कालचं. ब्राह्मीच्या नव्या कॉम्प्युटरची पुढची जाळी पुसायला काढली आणि आत पाहून हात थांबला. तिन्ही पंख्यांच्या पात्यांवर चिलटं आणि दिव्यावर येणारी बारीक पाखरं चिरडून चिकटलेली. त्या डब्यात रंगीत दिवे आहेत. संध्याकाळी माझी मुलगी खेळायला बसते, उजेडाला जीव येतात आणि पंखा त्यांना आत ओढतो. मी कोपरगावापासून कागलपर्यंत अहिंसेवर बोलत फिरायचं आणि घरात हा कत्तलखाना!

पाणी गाळायच्या मलमलीचं नवं फडकं दुपदरी करून जाळीच्या आत ताणून बसवलं. जाळी दाबून पुन्हा लावली. बाहेरून काही कळत नाही. ज्या कापडातून पाणी जातं त्यातून वाऱ्याला काय अडचण?

१४ जुलै

ब्राह्मीनं आज हेडफोन काढून टेबलावर आपटले. ती सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज जाऊन येऊन करते आणि पाच जणांच्या संघातून बंदुकांचा खेळ खेळते. पूर्वी मी या खेळांवर टाळ्या घेतल्या आहेत. "पोरांच्या हातात पुस्तक नाही, बंदूक आहे" हे माझं वाक्य तीन जिल्ह्यांत गाजलं. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही न बघता बोलता." झोंबलं. मग आठवडाभर तिच्या मागं खुर्ची टाकून बसलो. पाच डोकी एकमेकांना न पाहता एका मनानं चालतात ते पाहिलं आणि ते वाक्य भाषणातून काढून टाकलं. चुकलं तर मान्य करणारा माणूस आहे मी.

आता चोवीस ऑगस्टला पुण्याच्या एका संस्थेची निवड चाचणी आहे. सामना जिंकला तर वर्षभराचा करार. ब्राह्मीनं त्यासाठी दीड वर्ष घातलं आहे.

आणि आज हे. सेकंदाला पडद्यावर एकशे चव्वेचाळीस चित्रं यायला हवीत, त्याला फ्रेम रेट म्हणतात. वीस-पंचवीस मिनिटं तशी येतात आणि मग एकदम पस्तीस. "हात पुढं जातोय अन् पडदा मागं राहतोय अप्पा. समोरचा दिसेपर्यंत मी मेलेली असते."

चंदनबाला स्वयंपाकघरातून ओरडली, "अवं, तिला आधी जेवायला सांगा. दिवस मावळाय लागला. मेल्यावर जेवणार हाय का ती?"

१८ जुलै

चार दिवस बापलेक एकाच कामाला लागलो आहोत. ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम काढून नवा टाकला. मागं चालणारे सगळे प्रोग्राम बंद केले. विजेचा दाब कमी-जास्त होतो का हे बघायला स्टॅबिलायझर लावला. दर वेळी वाटतं सुटलं, आणि विसाव्या मिनिटाला पुन्हा तेच. पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचं तापमान चौऱ्याण्णव दाखवतं. ब्राह्मी म्हणते, फार तापलं की ते स्वतःला वाचवायला काम कमी करतं. पण नवं कोरं यंत्र इतकं तापावंच का?

हे यंत्र मे महिन्यात मोहसीन शिकलगारनं जोडून दिलं. स्टँडसमोर त्याचं दुकान आहे. माझा विद्यार्थी. आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिला आला होता, मी लिहून दिलेल्या भाषणावर. इतिहासात मात्र काठावर.

२१ जुलै

यंत्र मोहसीनकडे नेलं. नेण्याआधी फडकं काढून धुवायला टाकलं. मळलं होतं, आणि व्रताचं प्रदर्शन मला आवडत नाही.

त्यानं तासभर तोच खेळ चालवून ठेवला. एकशे चव्वेचाळीस, जरा म्हणून हललं नाही. तापमान अडुसष्ट.

"सर, हितं तर गप पळतंय बघा. नेताना लय हळू नेलं का काय तुमी, बरं वाटलं त्याला." हसला. तरी कार्ड उघडून आतला उष्णता बाहेर काढणारा लेप बदलून दिला. म्हणाला, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची सर. चार बदलल्या की कशानं बरं झालं ते कळत न्हाई."

घरी आणलं. धुतलेलं फडकं पुन्हा बसवलं.

२२ जुलै

पुन्हा पस्तीस. संघातल्या पोरांनी ब्राह्मीला विचारलं म्हणे, तुझ्या जागी बदली खेळाडू बघू का?

२ ऑगस्ट

दुसऱ्यांदा दुकानात. फडकं मागच्यासारखंच आधी काढून ठेवलं. पुन्हा तिथं सुरळीत! मी चिडलो हे कबूल करतो. तो म्हणाला, "म्हंजे घोळ तुमच्या घरात हाय सर. वारा मिळंना त्याला. घरी याला काय झाकता-बिकता का?"

मी म्हणालो, नाही. खरंच झाकत नाही. कापड आत आहे, वर नाही. आणि माझ्या नियमाचा हिशेब मी त्याला का द्यावा?

"मग मी येतो घरी एकदा. बघतो बसवलंय कसं ते."

"ये," म्हणालो. पण मन साफ नव्हतं. घोळ माझ्या घरात? वस्तू याची, हात याचा, आणि घोळ माझ्या घरात?

६ ऑगस्ट

मोहसीन आलेला नाही. मी दोन दिवस कऱ्हाडला व्याख्यानाला होतो, आल्यावर कुणी तो आला होता असं म्हणालं नाही. म्हणजे टाळतो आहे.

इस्लामपूरच्या व्याख्यानमालेचा सयाजी आज विषय ठरवायला आला होता. त्याला सगळं सांगितलं. त्यानं मांडी थोपटली. "सर, सरळ हाय की! नवं कार्ड दाखवायचं अन् जुनं जळालेलं घालायचं. दुकानात नेलं की चांगलं लावून दाखवत्यात. ह्या लोकांचं सगळं असंच असतंय."

"कुठल्या लोकांचं?" मी विचारलं.

"दुकानवाल्यांचं वो सर."

विचार केला. दुकानात चालतं, घरी चालत नाही. याचा दुसरा अर्थ काय निघतो? इतिहास शिकवला मी तीस वर्षं. पुरावा असाच जुळवत जायचा असतो.

९ ऑगस्ट, इस्लामपूर

आज क्रांतिदिन. सभागृह भरून लोक दारात उभे होते. विषय होता 'विश्वासघाताचा काळ'. पहिली पंधरा मिनिटं बांधणी, आणि मग मी थांबलो. पाणी प्यायलो. म्हणालो, दूरचं कशाला, माझ्या घरातलं सांगतो. नाव घेणार नाही. माझ्या गावात, स्टँडसमोर, माझ्याच वर्गात बसलेला, ज्याच्या तोंडात मी पहिला शब्द घातला असा एक जण. माझ्या लेकीच्या यंत्रातलं काळीज काढून त्यानं तिथं मेलेलं काळीज बसवलं, आणि वर मला म्हणाला की दोष तुमच्या घरात आहे! दोनदा बोलावलं, घराची पायरी चढला नाही. चोराचे पाय दारापर्यंत पोचत नाहीत!

टाळ्या थांबेनात. मागून कुणीतरी ओरडलं, "जात दाखवली!" मी हात वर करून त्याला गप्प केलं. मी स्वतः जातीधर्माचं एक अक्षर उच्चारलं नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

बऱ्याच दिवसांनी इतकं मनापासून बोललो.

१२ ऑगस्ट

भाषणातला तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरतो आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, सगळीकडे. खाली मोहसीनचं नाव आणि दुकानाचा फोटो. तो मी टाकलेला नाही. ओरडणाऱ्याचा आवाज त्यात स्पष्ट येतो, मी हात वर केला ते मात्र कापलं आहे.

ब्राह्मीनं विचारलं, "अप्पा, तुम्ही कार्ड उघडून बघितलं का? त्यावर नंबर असतो, खोक्यावर पण असतो."

"मग तू बघ."

"बघितला. तोच आहे."

मी म्हणालो, नंबराची चिकटपट्टी बदलता येते. ती खोकं उचलून खोलीत निघून गेली. सामन्याचा ताण आहे तिला.

१६ ऑगस्ट

स्टँडवरून येताना पाहिलं. दुकानाच्या शटरवर काळं फासलं आहे. शेजारचा चहावाला म्हणाला, पंधरा ऑगस्टला झेंडावंदनावरून परतणाऱ्या पोरांनी केलं. गाळामालकानं महिनाअखेरीला गाळा मोकळा करायला सांगितलंय. "चार वर्षांत कवा तक्रार न्हाई आली त्याची," हेही म्हणाला.

मला हे आवडलेलं नाही. दंगा मी कधीच शिकवला नाही. पुढच्या भाषणात याचा निषेध करीन.

२४ ऑगस्ट

दुपारी दोनला सामना होता. मी तिच्या मागं खुर्चीवर होतो. पहिल्या डावात ती अशी खेळली की समालोचन करणारा मुलगा तिचं टोपणनाव घेऊन ओरडत होता. दुसरा डाव सुरू झाला तेव्हा कोपऱ्यातला आकडा एकशे चव्वेचाळीस होता. मी आकड्याकडेच बघत होतो. एकशे दहा. सत्तर. अडतीस. तिची पाठ ताठ झाली. शेवटच्या फेरीत संघातली ती एकटी उरली होती आणि समोर एक. पडदा अडकला. पुन्हा हलला तेव्हा ती खाली पडलेली होती.

हरले. हेडफोनमधून कुणी काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हो, कळलं. बदली बघा."

२६ ऑगस्ट

आज सकाळी ब्राह्मी यंत्र विकायला काढणार होती. फोटो घेण्यासाठी पुसायला बसली आणि तिनं पुढची जाळी काढली.

मी बाजारात गेलो होतो. फडकं ताणलेलं तसंच ठेवून तिनं खेळ चालवला, अर्धा तास. मग फडकं काढून अर्धा तास. बाकी काहीही बदललं नाही. मी बाजारातून आलो तेव्हा माझ्या टेबलावर ते फडकं घडी घालून ठेवलेलं होतं आणि वर एक कागद. कापडासकट सदतीस. कापडाशिवाय एकशे चव्वेचाळीस.

फडक्यावर राखाडी धुळीचा थर होता. एकही पाखरू नव्हतं. नियम पाळला गेला होता.

मी तिच्या खोलीत गेलो. म्हणालो, जीव मरत होते गं. ती भिंतीकडे तोंड करून होती.

"मला सांगायचं होतं अप्पा. बारीक जाळीचा फिल्टर मिळतो. वारा पण जातो, पाखरू पण अडतं. मोहसीनभाईनं पाच मिनिटांत बसवला असता."

२७ ऑगस्ट

चंदनबालाला सगळं सांगितलं. तिनं हातातली ताटली खाली ठेवली. "आला होता की तो. दोनदा. तुमी कऱ्हाडला गेल्तासा तवा. मीच म्हणलं, मालक घरात न्हाईत, पोरगी कॉलेजात, तुला आत कसं घेऊ? दारातनंच गेला बिचारा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी आल्यावर इचारलं का? आल्या आल्या कऱ्हाडात किती माणूस हुतं ते सांगत बसला."

घराची पायरी चढला नाही, असं मी भर सभेत म्हणालो होतो.

२८ ऑगस्ट

आमच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमेचा. बस्तीत बसवेना. मोहसीनच्या घरी गेलो. त्याची आई हुसेनबी दारातच उभी राहिली. मला ओळखते ती, पालकसभेला यायची.

"पाटणला गेला सर. सुनंच्या, सुमैराच्या भावाचं दुकान हाय तितं. दोघं गेली."

मी म्हणालो, चूक माझी होती. कार्ड चांगलं होतं. मी जाऊन त्याला भेटतो.

"नका जाऊ." आवाज चढला नाही. "तितं कुणाला म्हाईत न्हाई तो कोण ते. तुमी गेलासा की माणसं मागनं येत्यात. तुमी बोललासा की लोक ऐकत्यात सर. ल्हान असताना माझं पोरगं तुमचं भाषण पाठ करत फिरायचं ह्या अंगणात."

आत ये म्हणाली नाही. मीही पायरीवरूनच परतलो.

७ सप्टेंबर, सांगली

क्षमावाणीची सभा, पर्व संपल्यावर एकमेकांची क्षमा मागायची. दरवर्षीचं माझं भाषण ठरलेलं असतं. यंदा कागद नेला नाही. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. नियम, फडकं, त्याचा प्रश्न, माझं 'नाही', इस्लामपूर, काळं फासलेलं शटर. मोहसीनचं पूर्ण नाव घेतलं. म्हणालो, पाखरं वाचवायला निघालेल्या माणसानं एक संसार चिरडला. आवाज फुटला, तो मी फोडलेला नव्हता.

सभागृह उभं राहिलं. लोक रडत होते. खाली उतरलो तर माणसं पाया पडायला रांगेत. "एवढा मोठा माणूस, पण चूक कबूल केली," "असं मन पाहिजे," "सर, आज तुम्ही खऱ्या अर्थानं मोठे झालात." एका बाईनं नातवाला पुढं केलं, आशीर्वाद द्या म्हणाली. मी दिला. काय करायला हवं होतं?

मोहसीनचं काय, असं कुणी विचारलं नाही.

११ सप्टेंबर

सयाजीला फोन केला. म्हटलं, इस्लामपूरचा तुकडा जिथं जिथं गेला तिथं तिथं सांगलीचं भाषण पाठव.

"पाठवलं की सर. न्हाई फिरत ते. बारा मिनिटांचं हाय. लोकांस्नी दीड मिनिटाच्या वर बघवत न्हाई. अन् खरं सांगू का? ह्यात राग न्हाई. कोण पुढं ढकलणार?" मग म्हणाला, "पण तुमचं नाव झालं बघा. साताऱ्यासनं दोघा-तिघांचा फोन आला. तोच प्रसंग सांगा म्हणत्यात, लय भारी हाय म्हणं."

फोन ठेवला. ब्राह्मी दारात उभी होती. "साताऱ्याला जाणार?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिला पटलेलं दिसलं नाही.

२१ सप्टेंबर, पाटण

हुसेनबी नको म्हणाली होती. तरी आलो. माफी मागायला परवानगी कसली, असं स्वतःला समजावलं. कऱ्हाडला गाडी बदलली. वाटेत बोलायचं सगळं मनात जुळवलं. सुरुवात, मधला भाग, शेवट. गावात सगळ्यांसमोर सांगायचं की हा प्रामाणिक मुलगा आहे, माझा विद्यार्थी आहे, याच्याकडे डोळे मिटून या.

बाजारपेठेत वह्या, पेनं, मोबाइलची कव्हरं असं छोटं दुकान. काउंटरमागं मोहसीन. दाढी वाढलेली. एका फोनचं मागचं झाकण उघडून खाली बघत होता. मी समोर उभा राहिलो. त्यानं मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्गात कधीच पाहिलं नव्हतं. तो मला भ्यायला होता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाजूची दोन माणसं वळली. एक जण पुढं आला. "आवं, तुमी भाषणवाले पाटील सर न्हवं? पलूसचे? बघितलं गड्या मोबाइलवर! त्या कॉम्प्युटरवाल्याची काय जिरवली सर तुमी, लय ब्येस काम केलं."

दुसरा म्हणाला, "इकडं कसं काय सर? ह्याला वळखता व्हय?"

मोहसीनच्या हातातला छोटा स्क्रू ड्रायव्हर थांबला होता. होय म्हणालो असतो तर दुसरा प्रश्न होता की कुठला, कुणाचा. आणि मग तो फोटो, ते नाव, ते शटर, सगळं या बाजारपेठेत येऊन उभं राहिलं असतं. माझ्यापाशी सगळं जुळवलेलं भाषण होतं. चांगलं होतं. या दोघांना मी पाच मिनिटांत रडवलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "चार्जरची वायर घ्यायला थांबलो."

मोहसीननं माझ्याकडं पाहिलं. मग पाठीमागच्या खिळ्यावरून एक वायर काढली. "कुठल्या फोनला पाहिजे साहेब?"

मी फोन दाखवला. त्यानं वायर जोडून बघितली, काढली, गुंडाळून पिशवीत घातली. मी खिशात हात घातला.

"ह्यांच्याकडनं पैसे घेऊ नको रं," पहिला माणूस त्याला म्हणाला. "तुला म्हाईत न्हाई, लय मोठा माणूस हाय."

"राहू द्या साहेब," मोहसीन म्हणाला.

मी पिशवी घेतली. तो पुन्हा उघड्या फोनवर वाकला होता.